मावळे नकोत, 1817 चे होळकरी शिपाई हवेत

मंडळी,

21 डिसेंबरच्या महिदपूर लढाईचा (होळकर विरुद्ध इंग्रज) प्रसंग आपण उभा करतोय, त्यासाठी पोशाखाची तपासणी येत्या रविवारी सकाळी 9 वाजता, राजवाड्यामागे नेहमीच्या जागी. सगळं अंगावर घालूनच या.

मागच्या खेपेला निम्मे लोक शिवकालीन मावळे होऊन आले. आपली लढाई क्षिप्राकाठची, दीडशे वर्षांनंतरची. तेव्हा अंगरखा सुती आणि बंदांनी बांधायचा. चेन, वेल्क्रो, प्लास्टिकची बटणं बाद. पहिला कृत्रिम रंग आला 1856 मध्ये, म्हणजे झगझगीत जांभळंही बाद. नीळ, मंजिष्ठ (मुळ्यांपासूनचा लाल रंग), नाहीतर सरळ कोरं कापड. सीतलामाता बाजारात फिरलात तर मिळेल. आतली शिवण मशीनची असली तरी मी डोळे मिटून घेईन, वरचे टाके मात्र हातचेच.

पागोटं स्वतः बांधायला शिका. मी एकदा लग्नातला तयार फेटा घातला होता, पहिल्याच धावेत टोपीसारखा उडाला. लोक अजून हसतात.

ढालीवर फुल्या, म्हणजे धातूचे गोल फुगीर उंचवटे, चार. त्या नुसत्या शोभेच्या नसतात, आतल्या मुठीच्या कड्या त्यांनाच अडकवलेल्या असतात. उगाच सहा-आठ ठोकू नका.

तोड्याची, म्हणजे धुमसत्या दोरीने पेटणारी, बंदूक घेणाऱ्यांनी करंगळीएवढी सुती दोरी आणावी. खरा तोडा सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवत, म्हणजे तो ज्योतीशिवाय धुमसत राही. आपण पेटवायचा नाही. बंदुकीची दारू नाही, तलवारींना धार नाही, यावर चर्चा नाही.

मनगटी घड्याळं घरी ठेवा. पोहे तपासणीनंतर.