ड्रॅगन, काळी मेंदी आणि तुझे केस

सांगली
९ मार्च

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "ओंकारच्या हातावरचा ड्रॅगन झक्कास होता रे," आणि मी विषय बदलला. मग पुतणीच्या लग्नाचं बोलता बोलता तू सहज म्हणालास की आदल्या दिवशी केसांना काळी मेंदी लावून तू दहा वर्षांनी लहान होणार आहेस. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. बोलून सांगितलं तर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

डिसेंबरच्या सुट्टीत गोव्याला गेलो होतो ते तुला माहीत आहेच. कळंगुटच्या किनाऱ्यावर एक पोरगा डिझाइनचा अल्बम आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन बसला होता. ओंकारनं ड्रॅगनवर बोट ठेवलं. वैशाली म्हणाली, "नको, काय असतं त्यात कोण जाणे." मी म्हणालो, "अगं, मेंदीच तर आहे!" हे वाक्य आता मला जेवताना, गाडी चालवताना, कधीही आठवतं. तीनशे रुपये सांगितले, अडीचशेवर तुटलं. घासाघीस जिंकल्याचा आनंद वेगळाच.

त्यानं बारीक ब्रशनं काढलं. बाटलीला लेबल नव्हतं. वास मात्र ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. अर्ध्या तासात वाळलं आणि खालून कोळशासारखा काळा ड्रॅगन निघाला. तू पाहिलास तो फोटो तेव्हाचा.

आठ दिवस काही नाही. आम्ही घरी आलो, शाळा सुरू झाली. नवव्या दिवशी ओंकार दंड खाजवायला लागला. मला वाटलं डास. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ड्रॅगन उठून आला होता. अक्षरशः उठून. शेपटीपासून शिंगांपर्यंत प्रत्येक रेष लाल, जाड, बोट फिरवलं तर जाणवेल अशी, आणि मध्ये मध्ये पाण्याचे फोड. रेषेच्या बाहेरची कातडी मात्र साफ. संध्याकाळपर्यंत फोड फुटून पाणी यायला लागलं आणि शर्टाची बाही चिकटली. ती सोडवताना पोरगं इतकं ओरडलं की शेजारच्या काकू धावत आल्या.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काळी मेंदी? कुठल्या बीचवर?" म्हणजे बघ, असे ड्रॅगन त्यांनी किती पाहिले असतील!

त्यांनी समजावलं ते असं. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य लॉसोन. ते आधी केशरी उमटतं आणि एक-दोन दिवसांत गडद होत तपकिरी-लाल होतं. आपल्या आया-बहिणी रात्रभर हात बांधून झोपायच्या त्या उगाच नाही. कातडीवर तासाभरात कुळकुळीत काळी होणारी मेंदी झाडाला लागत नाही. काळा रंग येतो तो पॅरा-फिनिलिनडायअमिनमुळे, डॉक्टर नुसतं 'पीपीडी' म्हणतात. हेअर डायमधलं रसायन ते हेच. तेव्हा मला तो वास आठवला. बाथरूमच्या कोपऱ्यात, जुन्या वाटीत, दर महिन्याला मीच कालवतो तो वास!

युरोपात केसांच्या डायमध्येसुद्धा डोक्यावर लावताना हे रसायन दोन टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर रंगवायला तर मुळीच परवानगी नाही. किनाऱ्यावरच्या बाटलीत किती असतं हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या पोराला मी दोष देत नाही फार. त्याला कुणी तरी बाटली दिली, त्यानं ब्रश बुडवला. (गंमत म्हणजे अमेरिकेत साधी मेंदीसुद्धा सरकारदरबारी फक्त केसांसाठी मान्य आहे, हातांसाठी नाही. आपल्याकडच्या नवऱ्या मुली ऐकतील तर पोट धरून हसतील.)

आठ दिवस काहीच का झालं नाही, हे मला कळत नव्हतं. शरीराची या रसायनाशी पहिली ओळख व्हायला तेवढा वेळ लागतो म्हणे. आणि एकदा ओळख झाली की ते विसरत नाही. खरी गोम इथेच आहे. स्टेरॉइडचं मलम आणि खाज थांबवायच्या गोळ्या यांनी तीन आठवड्यांत जखम भरली. पण ॲलर्जी राहिली, बहुधा जन्मभर. बाईंनी फाइलवर लाल पेननं लिहून दिलंय. हेअर डाय कधीच नाही. दाताच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी सांगायचं, कारण बधिर करायची काही औषधं, काही सल्फाच्या गोळ्या, कपड्यांचे काही गडद रंग, यांच्याशी या रसायनाचं नातं लागू शकतं, म्हणजे त्यांचीही ॲलर्जी येऊ शकते. अकरा वर्षांच्या पोराला हे सगळं पाठ करायला लावलंय. आमच्या घराण्यात पस्तिशीत डोकं पांढरं होतं, तुला माहीतच आहे. बापानं अडीचशे रुपयांत पोराची सोय करून ठेवली.

दंडावर आता पांढुरका ड्रॅगन आहे. तेवढ्याच रेषांचा रंग गेलाय. काही महिन्यांत भरून येईल म्हणतात. शाळेत पोरं त्याला "भूत ड्रॅगन" म्हणतात आणि तो खूश आहे. वैशाली अजून एक शब्द बोललेली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

आता तुझ्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वीचं आपलं कॉलेजचं गेट-टुगेदर आठव. तू आदल्या दिवशी रंग लावून आलास, कानामागे लाल चट्टे, कपाळाच्या कडेला पुरळ आणि दुपारपर्यंत डोळ्यांच्या चिरा झालेल्या. आम्ही तुला दिवसभर 'चिनी पाहुणा' म्हणून छळलं आणि तू म्हणालास, माशांनी झालं. लेका, मासे तू लहानपणापासून खातोस! बाईंना मी नाव न सांगता तुझी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, त्यांना सांगा, परत लावू नका, पुढची खेप मागच्यापेक्षा जोराची येऊ शकते. कधी कधी चेहरा सुजतो, क्वचित श्वासापर्यंत जातं. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी ती 'काळी मेंदी'ची पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाच. हिरव्या पानाचं चित्र पुढे असतं, पीपीडी मागे असतं. चष्मा लावून वाच. आणि नाशकात एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखव. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघतात, सुईबिई काही नसते.

लग्नातल्या मेंदीचंही वहिनींना सांग. राजस्थानातल्या सोजतची मेंदी पावडर, निलगिरीचं तेल, साखरपाणी आणून घरी भिजवा, कोन फ्रिजमध्ये ठेवा. दुकानात महिनोन् महिने उन्हात टांगलेले, 'दहा मिनिटांत गडद' म्हणणारे कोन नकोत.

आणि फोटोंची काळजी तुला असेल तर तीही मी मिटवलीय. फेटेवाल्याला मी इथूनच सांगतो, आपल्या दोघांसाठी केशरी, कानांपर्यंत घट्ट. जेवायला बसेपर्यंत काढायचा नाही.

तुझा,
बंड्या

ता. क. ती पुडी उघडली नसशील तर दुकानदाराला परत दे. पैसे नाही दिले तर मी देतो.