तुलाही दिसतंय ना?

सातारा, रविवार

विन्या,

दोन वर्षांत पत्र नाही, फोनवर नुसतं "बोलू निवांत". शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मी थांबतो. झाल्या? माझी तब्येत ठीक. शुगर काठावर, गुडघा अधूनमधून बोलतो. सुनंदा मजेत.

लिहितोय अण्णांबद्दल. आणि तुलाच, कारण गोव्यातली, हणजूणची ती रात्र तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. सुनंदालाही नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आता काय तोंडाने सांगू?

अण्णांचा पार्किन्सन तुला माहीत आहे. मार्चमध्ये हाताचा कंप वाढला म्हणून इथल्या डॉक्टरांनी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी चालू केली. दोन मिलिग्राम, दिवसातून तीनदा. कंप कमी झाला खरा. आठवडाभराने रात्री खोलीत डोकावलो तर अण्णा पलंगावर ताठ बसून टपाल लावत होते. हवेत. डाव्या हातात गठ्ठा धरल्यासारखा, उजव्या हाताने एकेक पत्र उचलून डोळ्यांजवळ न्यायचं आणि समोरच्या नसलेल्या खणात सारायचं. "कोरेगाव. रहिमतपूर. ह्याला पिनकोडच नाही, गाढव कुठले." मधेच गोधडीवरचा नसलेला दोरा चिमटीत धरून ओढायचे. ओठ कोरडे, बाहुल्या मोठ्या. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईला चहा दे रे, केव्हाची बसलीय."

आईला खांदा द्यायला तू होतास. सहा वर्षं झाली.

मी काय म्हणालो असेन? "हो, देतो." दोन कप आणले आणि एक रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. हे मी तुझ्याकडून शिकलो, हरामखोरा. त्या रात्री पायाखालच्या फरशा श्वास घेत होत्या, भिंतीवर जाळी, जाळीत भोवरा, आणि मी तुझी कॉलर धरून विचारत होतो, "तुलाही दिसतंय ना?" तू तो एलएसडीचा नखाएवढा कागद जिभेला लावलाही नव्हतास. तरी म्हणालास, "दिसतंय की. छान आहे." मी शांत झालो. नंतर वर्षभर भांडलो की खोटं का बोललास. ते भांडण मी आज मागे घेतो. पाचशे रुपयांचं मागे घेत नाही.

तेव्हापासून रात्री वाचत बसतो. मला वाटायचं, भास म्हणजे भास, अण्णांचा काय नि माझा काय. तसं नाही. सेरोटोनिन म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन. एलएसडी जाऊन बसतं त्याच्या एका रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या दारावर, ५-एचटी-२ए त्याचं नाव. मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशींवर हे दाटीने असतात, आणि ते चाळवले की पेशी जरा कशाने पेटतात. झुरिचमध्ये १९९८ साली काही जणांना आधी हाच रिसेप्टर अडवणारं केटान्सेरिन दिलं, मग मशरूममधलं सिलोसायबिन. भास जवळपास झालेच नाहीत. आणि पहाटे चारला मी "उतरत का नाही" म्हणून रडत होतो ना, त्याचंही उत्तर सापडलं. २०१७ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकांनी एलएसडीचा रेणू ह्याच कुटुंबातल्या एका रिसेप्टरात बसलेला स्फटिकात पाहिला. रेणू आत गेला की रिसेप्टरचाच एक पदर वर झाकणासारखा येतो. तो तासन्‌तास सुटत नाही.

जाळी-भोवरेसुद्धा माझे नव्हते. क्लुव्हर नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात मेस्कलिन, म्हणजे निवडुंगातलं भास घडवणारं द्रव्य, घेणाऱ्यांची वर्णनं ताडून पाहिली, तर फिरून फिरून तेच चार नमुने: जाळी, कोळिष्टक, बोगदा, भोवरा. डोळ्यांतलं चित्र मेंदूत ज्या रीतीने पसरलेलं असतं त्या मांडणीतून ही नक्षी येते, असं पुढे गणितवाल्यांनी मांडलं. तेव्हा बिलामागे मी काढलेला 'विश्वाचा नकाशा' तू जपून ठेवलायस ना, तो माझ्या वायरिंगचा निघाला. फाडून टाक.

पण मला अडवलं ते हॉफमनच्या शेजारणीने. एलएसडी बनवणारा तोच. १९४३ साली बाझलमध्ये पाव मिलिग्राम घेऊन सायकलवरून घरी गेला, आणि दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला चेटकीण दिसली. पण विन्या, शेजारीण तिथे होती! माझ्या फरशाही होत्या. अण्णांची खुर्ची रिकामी होती.

अण्णांची गोळी सेरोटोनिनच्या वाटेला जात नाही, ती ॲसिटिलकोलीन नावाचं निरोप पोचवणारं दुसरं रसायन अडवते. धोतरा हेच करतो, आई शिवरात्रीला पिंडीवर वाहायची तो. लक्ष जागेवर ठेवायचं आणि आत्ताचं आत्ता नोंदवायचं काम ह्या ॲसिटिलकोलीनचं. अण्णांच्याच भाषेत सांगायचं तर माझ्या वेळी सॉर्टर टक्क जागा होता, फक्त प्रत्येक पत्र प्रत्येक खणात टाकत होता. अण्णांचा सॉर्टर पेंगतोय आणि तीस वर्षांपूर्वीचं टपाल पुन्हा वाटतोय.

पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टने कपाळाला हात लावला. ह्या वयात ही गोळी द्यायचीच नाही म्हणाला. तीन आठवड्यांत हळूहळू बंद केली. रात्री भासांवरची गोळी, क्वेटियापिन, साडेबारा मिलिग्राम. ती इतर काही दारांबरोबर ५-एचटी-२एचंही दार लावते. मी पैसे मोजून उघडलेलं दार बापासाठी पैसे मोजून बंद करतोय.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे बंड्याकडून कळलं. फोन करायला हवा होता, नाही केला. चिन्मयने शेवटी कुठे घेतली ॲडमिशन? नाशिकचा फ्लॅट विकू नकोस एवढ्यात.

तर आता टपाल बंद झालंय. कंप परत आलाय, चहा बशीत सांडतो. त्या दिवसांतलं निम्मं अण्णांना आठवत नाही. खुर्ची नेमकी आठवते. मंगळवारी विचारलं, "ती येत नाही का हल्ली?" मी म्हटलं, अण्णा, तो गोळीचा परिणाम होता. तर माझ्याकडे असं बघितलं, संध्याकाळी कॅश जुळली नाही की कारकुनाकडे बघायचे ना, तसं. "माझं सोड. तुला तर दिसत होती. चहा तूच दिलास."

तू दुसऱ्या दिवशी सकाळी पाव मोडता मोडता सांगून टाकलंस, "मला घंटा काही दिसत नव्हतं." मी चिडलो, वर्षभर भांडलो आणि विषय संपला. पण तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि फरशा होत्या रे त्या. अण्णांना कसं सांगू, आणि सांगू का? गेल्या चार दिवसांत दोनदा विचारलंय. मी कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर पळतो.

काल पुन्हा दोन कप केले. दुसरा मीच प्यायलो, त्यांच्यासमोर, त्या खुर्चीत बसून. काही बोलले नाहीत. सरकून जरा जागा दिली.

दिवाळीआधी ये. पाचशे घेऊन.

तुझा,
सुध्या