हार्डवेअर डिझाइन म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती नव्हे

महोदय,

अभियांत्रिकीच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की 'व्हीएलएसआय' (चिप डिझाइनचे शास्त्र) या शब्दाभोवती चर्चा रंगते, पण ती बहुतेक वेळा कट-ऑफ आणि पॅकेज एवढ्यावरच संपते. त्या वर्गात नेमके काय शिकवतात हे कोणी सांगत नाही. मग काही मुले रॅम बदलायला आणि मदरबोर्ड दुरुस्त करायला शिकू, असे समजून येतात. काहींना वाटते, हेही कोडिंगच आहे, फक्त भाषा वेगळी. दोन्ही समजुती घेऊन आलेल्यांचे पहिले सत्र वाईट जाते, म्हणून हे पत्र.

सुरुवात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सने होते. बूलियन बीजगणित (० आणि १ चे गणित), कार्नो मॅप (समीकरणे सोपी करण्याचा तक्ता), टूज कॉम्प्लिमेंट (ऋण संख्या लिहिण्याची पद्धत). यातले गणित अवघड नाही, अकरावीच्या कॅल्क्युलसची तर फारशी गरजच पडत नाही. खरी परीक्षा ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी खोचून सर्किट जोडायच्या पट्टीवर असते. ७४०० या नँड गेटच्या (एक प्रकारचे तर्क-सर्किट) आयसीला, म्हणजे चिपला, १४ क्रमांकाच्या पिनवर ५ व्होल्ट आणि ७ वर ग्राउंड द्यायचे, हे एकदा हाताला बसले की मुले प्रत्येक १४ पिनांच्या आयसीला तसेच जोडतात. ७४९० या दशमान काउंटरला मात्र पुरवठा ५ वर आणि ग्राउंड १० वर लागते. आयसी चालत नाही, मुले तो खराब म्हणून परत करतात, आणि दुसराही चालत नाही. डेटाशीटचे (आयसीच्या माहितीपत्रकाचे) पहिले पान वाचले असते तर तासभर वाचला असता. काही लांब ब्रेडबोर्डांच्या कडेच्या पुरवठ्याच्या ओळी मध्यभागी तुटलेल्या असतात, त्यामुळे अर्ध्या सर्किटला वीजच मिळत नाही. मोकळा सोडलेला इनपुट हा आणखी एक नेहमीचा दोष. जुन्या टीटीएल प्रकारच्या आयसीत तो सहसा १ समजला जातो. ७४एचसी या सीमॉस मालिकेत मात्र तो कसाही भरकटतो, नुसता हात जवळ नेला तरी आउटपुट बदलू शकते. प्रत्येक आयसीच्या पुरवठा पिनेलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायची सवय इथेच लागली पाहिजे.

पुढची पायरी व्हेरिलॉग (सर्किटचे वर्णन लिहायची भाषा) आणि एफपीजीए (आतले सर्किट हवे तसे बदलता येणारी चिप) बोर्ड. सी किंवा पायथनमध्ये तरबेज असलेली मुले इथे जास्त अडखळतात. व्हेरिलॉगमध्ये आपण ओळीमागून ओळ पाळायच्या सूचना लिहीत नसतो, एकाच वेळी काम करणाऱ्या सर्किटचे वर्णन करत असतो. म्हणून आधी कागदावर रजिस्टर (किंमत साठवणारे घटक) आणि गेट काढावेत, मग कीबोर्डला हात लावावा. दोन पायऱ्यांचा शिफ्ट रजिस्टर (दर ठोक्याला किंमत एक पायरी पुढे सरकवणारा) लिहिताना '<=' ऐवजी '=' वापरले तर दोन्ही पायऱ्यांत क्लॉकच्या एकाच ठोक्याला तीच किंमत जाऊ शकते आणि मधला विलंब नाहीसा होतो. गेटच्या वर्णनात 'इफ' लिहून 'एल्स' विसरले तर नको असलेला लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा घटक) तयार होतो. टूल त्याबद्दल फक्त वॉर्निंग देते, आणि वॉर्निंग वाचायची सवय फार थोड्या मुलांना असते. सिम्युलेशनसाठी लिहिलेला '#१०' सारखा विलंब सिंथेसिसमध्ये, म्हणजे वर्णनाचे खऱ्या सर्किटमध्ये रूपांतर होताना, गळून जातो, म्हणून पडद्यावर बरोबर दिसलेले बोर्डवर चुकते.

एलईडी लुकलुकवणे हा पहिला प्रयोगही बरेच शिकवतो. बोर्डचा क्लॉक ५० मेगाहर्ट्झ असेल तर एलईडी अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद ठेवायला २ कोटी ५० लाख ठोके मोजावे लागतात, त्यासाठी २५ बिटांचा काउंटर हवा. ८ बिटांचा घेतला तर एलईडी सतत पेटलेलाच दिसतो. बटण दाबून मोजणी करायची तर त्याचा धातूचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाचे चार-पाच आकडे मोजले जातात. २० मिलिसेकंद थांबायचे, म्हणजे १० लाख ठोके सोडून द्यायचे. शिवाय बटण क्लॉकशी जुळलेले नसते, त्यामुळे त्याचा सिग्नल आधी एकामागोमाग दोन फ्लिप-फ्लॉपमधून (ठोक्याला एक बिट साठवणारे घटक) आणावा लागतो.

शेवटी बहुतेक ठिकाणी छोटा प्रोसेसर करायला देतात, हल्ली बऱ्याचदा रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा. ३२ रजिस्टर, त्यातले शून्याव्या क्रमांकाचे कायम शून्यच. त्यात लिहायला बंदी घालायचे विसरले की प्रोग्राम मध्येच बिघडतो आणि चूक भलतीकडेच शोधली जाते. पाच टप्प्यांच्या पाइपलाइनमध्ये (एकाच वेळी अनेक सूचना वेगवेगळ्या टप्प्यांत असतात) मेमरीतून आणलेली किंमत लगेच पुढच्या सूचनेला हवी असेल तर फॉरवर्डिंग (निकाल थेट पुढच्या सूचनेला पोचवणे) असूनही एक ठोका थांबावेच लागते. टायमिंगचा भागही याच वेळी येतो. सेटअपची अट (ठोक्याआधी सिग्नल स्थिर हवा) मोडली तर क्लॉक हळू करून निभावते, होल्डची अट (ठोक्यानंतरही तो थोडा वेळ स्थिर हवा) मोडली तर तोही उपाय चालत नाही.

वेळेचा सर्वांत मोठा वाटा तपासणीत जातो, हे आधीच समजून घ्यावे. ४ बिटांच्या बेरजेच्या सर्व २५६ जोड्या टेस्टबेंच (तपासणीसाठी लिहिलेला कोड) क्षणात तपासते. ३२ बिटांच्या सगळ्या जोड्या तपासणे मात्र अशक्य, म्हणून कोणत्या निवडायच्या हे शिकावे लागते. स्वतःची चिप तयार होऊन हातात येईल, ही अपेक्षा मात्र पदवीच्या काळात ठेवू नये. तसे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

महाविद्यालय निवडताना इमारत नंतर पाहावी, आधी लॅब पाहावी. एका बॅचमागे एफपीजीए बोर्ड किती, सुट्या आयसी मिळतात की सगळी प्रात्यक्षिके तयार ट्रेनर किटवरच होतात, लॅब तासांनंतर उघडी असते का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. किटवर वायरी खोचून जर्नल पूर्ण होते, दोष शोधणे येत नाही.

वर्ग सुरू होईपर्यंतचे आठवडेही वाया घालवायचे कारण नाही. आयकारस व्हेरिलॉग (सिम्युलेटर) आणि जीटीकेवेव्ह (तरंगाकृती दाखवणारे) ही दोन्ही टूल फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. एनपीटीईएलवर डिजिटल सर्किट्सची व्याख्याने विनामूल्य आहेत. एक हाफ अॅडर (दोन बिटांची बेरीज करणारे सर्किट) लिहावा, मग दोन हाफ अॅडर आणि एक ऑर गेट जोडून फुल अॅडर (हातच्यासह तीन बिटांची बेरीज), मग चार फुल अॅडरची साखळी, आणि गेटना थोडा विलंब देऊन कॅरी (हातचा) एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसा सरकतो ते तरंगाकृतीत पाहावे.

— डिजिटल सर्किट्स शिकवणारे काही शिक्षक, पुणे