‘नस दबली’ असे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. ‘मणक्याची नस दबल्याने तरुणाचे पाय निकामी’ असा मथळा. उंचावरून पडलेल्या त्या मुलाला सहकाऱ्यांनी ‘प्रसंगावधान राखून’ उचलले, गाडीत बसवले आणि रुग्णालयात पोचवले, असे खाली लिहिले होते. बातमी चार-पाच ओळींचीच. पण मी २६ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे, त्यातली बरीच वर्षे पाठीच्या कण्याला मार बसलेल्या माणसांबरोबर गेली. त्यामुळे ती बातमी वाचून मला स्वस्थ बसवेना.

आधी त्या ‘नस’ शब्दाबद्दल. आपल्या बोलण्यात नस म्हणजे काय काय असते बघा. रक्त काढायला आलेली नर्स म्हणते, ‘नस सापडत नाही’, तेव्हा ती रक्तवाहिनी असते. रात्री पोटरीत गोळा आला की ‘नस चढली’ म्हणतात, तो तर स्नायू. आणि हाताला मुंग्या आल्या की ‘नस दबली’, ती मात्र खरोखरची चेता, म्हणजे मेंदूचा निरोप नेणारी आणि आणणारी तार. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. घरात बोलताना चालून जाते. पण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला ‘तुझी नस दबली आहे’ असे सांगितले की त्याचे पुढचे सगळे वागणे त्या शब्दावर ठरते. दबलेली गोष्ट सुटते. चोळली, ओढली, बसवली की सुटते. निदान आपल्याला तसे वाटते.

माझ्याकडे एक तरुण येतो. पडून अकरा महिने झाल्यावर पहिल्यांदा आला. संवेदना कुठपर्यंत आहेत हे तपासायला आमच्याकडे कापसाची वात आणि एक टाचणी असते, बाकी काही लागत नाही. त्याला डोळे मिटायला सांगितले. खांद्यापासून वात खाली आणत गेले. ‘आता?’ ‘हं.’ ‘आता?’ ‘हं.’ स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत प्रत्येक वेळी ‘हं’ आले. त्याच्याखाली दोन बोटांवर वात टेकवली आणि तो गप्प राहिला. मी पुढे बेंबीपर्यंत आले, मांडीवर आले, पाऊल झाले. तो डोळे मिटून वाट बघत होता, मी अजून हात लावलेलाच नाही अशा समजुतीने. मग विचारतो कसा, ‘मॅडम, नस कधी सुटेल?’

त्या अकरा महिन्यांत घरच्यांनी त्याला जिथे जिथे कोणी नस मोकळी करतो म्हणाले तिथे तिथे नेले होते. पाय ओढून झाले, पाठीवर तेल जिरवून झाले. एवढ्या प्रेमाने केलेल्या धावपळीत राहून गेली ती कातडी आणि मूत्राशय. कमरेखाली माकडहाडाजवळ त्याला जखम झाली होती, आत अंगठा जाईल एवढी. त्याला ती दुखत नव्हती. दुखण्याचा निरोप वर पोचतच नव्हता, मग दुखणार कशी?

मज्जारज्जू म्हणजे काय, हे त्याला आणि त्याच्या आईला तोवर कोणीच सांगितले नव्हते. करंगळीएवढ्या जाडीचा, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा हा दोर मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या वरच्या भागापर्यंत येतो. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीकडे शरीराचा एकेक पट्टा सोपवलेला असतो. म्हणून तर कापसाच्या वातीने इजा कोणत्या पातळीवर झाली ते कळते. मणका हे हाड आहे, ते मोडले तरी सांधते. हातातली किंवा पायातली चेता तुटली, तरी नीट जोडली तर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने ती पुन्हा वाढू शकते. मनगटाजवळ तुटलेली चेता बोटांच्या टोकांपर्यंत पोचायला सहा-सहा महिने लागतात, पण पोचू शकते. मज्जारज्जूतल्या धाग्यांचे तसे नाही. तिथे व्रण धरतो, वाट दाखवणारे आवरण नसते आणि तुटलेले धागे पलीकडे जात नाहीत. इजा अर्धवट असेल, काही धागे शाबूत असतील, तर सुधारणा होते आणि मी ती अनेकदा पाहिली आहे. पण ‘सुटणे’ हा शब्द तिथे लागू पडत नाही.

‘मज्जा’ या शब्दानेही घोळ होतो. हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होते ती अस्थिमज्जा वेगळी आणि हा मज्जारज्जू वेगळा. ‘मज्जा बदलतात असं पेपरात वाचलं, याची बदलता येईल का?’ असे मला किती आईवडिलांनी विचारले असेल! उत्तर द्यायला जीभ रेटत नाही. शाळेच्या पुस्तकातला चेतासंस्था हा शब्द चांगला आहे. त्याच धर्तीवर चेतारज्जू लिहिले तर हा घोळ टळेल. निदान पहिल्या उल्लेखात अर्ध्या ओळीचा खुलासा तरी द्यावा.

हे सगळे इतक्या पोटतिडकीने लिहिण्याचे कारण घरातले आहे. मी शिकत असताना दुसऱ्या वर्षाला होते. दुपारी चारच्या सुमारास आईचा वसतिगृहात फोन आला. ‘यांच्या उजव्या हाताची नस दबलीय वाटतं, मुंग्या येतायत, आत्ता हातातला कप सुटला.’ मी विचारले, दुखतंय का? ती म्हणाली, नाही. मी म्हटले, ‘मग झोपेत हात अंगाखाली आला असेल. चोळून दे, शेकून बघ.’ तोंड वाकडे झालेय का, बोलणे जड झालेय का, एवढे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. आईने ‘नस’ म्हटले आणि मीही त्या शब्दामागे गेले. रात्री बाबांची वाचा गेली. सकाळी रुग्णालयात नेले तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन बराच वेळ झाला होता. बाबा त्यानंतर नऊ वर्षे जगले. रोज सकाळी डाव्या हाताने सदऱ्याची बटणे लावायचे. वरचे बटण काजात अर्धे जाऊन परत निसटायचे, ते पुन्हा धरायचे, आणि आईने हात पुढे केला की मान हलवून नको म्हणायचे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेव्हा आमच्यापर्यंत पोचले असते की नाही, कोण जाणे. आज ते आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंतही करता येतो, पण जितका उशीर तितका मेंदू कमी वाचतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. आपण मात्र अजून ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो, आणि गेलेले वारे रात्रभरात उतरेल म्हणून माणसाला झोपवून ठेवतो. एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात उचलून धरता येईना, बोलणे अडखळले, यातले एक जरी झाले तरी घड्याळ बघायचे आणि निघायचे. दुखत नाही म्हणून थांबायचे नाही. मेंदूतल्या या घातात बहुतेक वेळा दुखत नाहीच.

आता त्या ‘प्रसंगावधाना’बद्दल. त्या सहकाऱ्यांना मी बोल लावत नाही. त्या मुलाची इजा पडतानाच झालेली असू शकते आणि तीच शक्यता जास्त. पण मणका मोडलेला असेल तर माणसाला काखेत हात घालून उठवणे, गाडीत बसवणे, दुमडून सीटवर टाकणे यात मोडलेल्या हाडाची कड रज्जूत घुसू शकते. अर्धवट इजा पुरी व्हायला एक हिसका पुरतो. मान आणि डोके दोन्ही हातांनी आहे तसे स्थिर धरून रुग्णवाहिका येईपर्यंत थांबणे, त्याला ‘हलू नकोस’ म्हणत राहणे, हे खरे प्रसंगावधान. आग आहे, पाणी आहे, वरून काही कोसळते आहे, तरच हलवायचे. उलटी होऊ लागली तर एकाने डोके धरून, बाकीच्यांनी खांदे, कंबर, पाय एकदम, ओंडका वळवावा तसे कुशीवर करायचे. श्वास थांबला असेल तर मात्र श्वास आधी, मणका नंतर. अपघाताच्या प्रत्येक बातमीखाली एवढे चार ओळींत छापता येईल. ‘डोक्याला मार, पण रक्त नाही, किरकोळ जखमी’ हेही तपासून छापावे. कवटीच्या आत रक्त साचत असताना माणूस काही तास नीट बोलतो, आणि मग बेशुद्ध पडतो.

सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसवर मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचे वर्णन आहे, आणि शेवटी वैद्याचा शेरा, ‘ज्यावर उपचार करायचा नाही असा आजार’. पहिल्या महायुद्धापर्यंत यात फारसा फरक नव्हता, अशी बहुतेक माणसे काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत जखमा चिघळून, लघवीच्या संसर्गाने जात. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन या डॉक्टरांनी विभाग सुरू केला. रज्जू त्यांनाही जोडता आला नाही. त्यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलायला लावली, मूत्राशय सांभाळले, आणि माणसे जगू लागली. १९४८ मध्ये त्यांच्याच आवारात चाकाच्या खुर्चीवरचे १६ जण तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. पॅरालिम्पिकची सुरुवात तिथली.

त्या तरुणाला मी कागदावर रज्जू काढून दाखवला. त्याच्या छातीच्या पातळीवर एक आडवी रेघ मारली आणि म्हटले, इथे इजा झाली आहे, ही नस नाही, ओढून सुटणारी नाही. हे बोलताना माझाच आवाज घट्ट झाला होता. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. त्याची आई रडेल असे मला वाटले होते. तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि विचारले, ‘मग रात्री किती किती वाजता याची कूस बदलायची?’ आम्ही तिथेच गजर लावले. अकरा, एक, तीन, पाच.

आपली,
एक नियमित वाचक, फिजिओथेरपिस्ट