‘विकत घ्याल का?’ हा प्रश्न आधी गाळा

महोदय,

नवे उत्पादन घडवताना सर्वेक्षण केले आणि बहुतेकांनी होकार दिला, असे अभिमानाने सांगितले जाते. तो होकार बहुधा कुचकामी असतो. ‘असे उपकरण निघाले तर विकत घ्याल का?’ याला हो म्हणायला पैसे पडत नाहीत. शिवाय विचारणाऱ्याचे मन कोण मोडणार? त्याऐवजी घडून गेलेले विचारावे: गेल्या ७ दिवसांत हे काम किती वेळा केले, कशाने केले, कुठे अडले, किती खर्च आला. मुदत नेमकी हवी. ‘साधारणपणे किती वेळा?’ म्हटले की लोक आठवत बसत नाहीत, अंदाज ठोकतात.

सर्वेक्षण मोजून देते, शोधून देत नाही. म्हणून आधी ८-१० वापरकर्त्यांशी सविस्तर बोलावे आणि उत्तरांचे पर्याय त्यांच्याच शब्दांत लिहावेत. ‘यांपैकी काही नाही’ हा पर्याय ठेवावाच, नाहीतर माणूस काहीतरी टिचकवून पुढे जातो. ‘अ‍ॅप वेगवान आणि सोपे वाटते का?’ हे दोन प्रश्न आहेत. वेगवान पण किचकट वाटणाऱ्याने काय उत्तर द्यायचे? प्रश्नावली पाठवण्यापूर्वी पाच जणांना ती मोठ्याने वाचत भरायला सांगावी. अडखळण्याच्या जागा तिथेच कळतात. एका दुपारचे हे काम, पण नेमके तेच टाळले जाते.

आता आकड्यांचे. नमुना (म्हणजे उत्तरे देणारी माणसे) यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असेल तर ४०० उत्तरांत साधारण ५ टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात, १०० उत्तरांत १०. त्या ४०० पैकी नवखे वापरकर्ते ६०च असतील, तर त्यांच्यापुरता फरक १३ टक्क्यांच्या घरात जातो. तरीही अहवालात त्यांचा वेगळा आलेख दिमाखात झळकतो.

आणि नमुनाच एकांगी असेल, तर संख्या कितीही वाढवा. १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाकडे २० लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या, भाकीत उमेदवार लँडन जिंकतील असे होते, जिंकले त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट. सध्याच्या ग्राहकांच्या ईमेल यादीवर केलेल्या सर्वेक्षणात हीच गोम असते: उत्पादन सोडून गेलेले त्या यादीत नसतातच. त्यामुळे किती उत्तरे आली याच्या शेजारी प्रश्नावली किती जणांना, कोणत्या यादीवरून पाठवली हेही छापावे. ते नसेल, तर टक्केवारी वाचण्यात वेळ घालवू नये.

— वापरकर्ता-संशोधन करणारे दोन वाचक