मोनोग्राम शेवटी

सोलापूर,
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय दोस्ता,

दिवाळीत फोनवर म्हणालास, "कोरोनात धंदा कसा टिकवलास ते जरा पोराला सांग की बे." मागं ओव्हरलॉक मशीन धडधडत होती, म्हणून लिहून कळवतो म्हटलं. आज बसलोय. पोरगा नोकरी सोडून धंद्यात पडणार म्हणतोय, तर त्याला वाटेल काका मोबाईलवर माल कसा विकायचा ते सांगणार. ते फार थोडं आहे. खरी गोष्ट वेगळीच आहे.

आपला गणवेशाचा धंदा तुला ठाऊकच आहे, कोरडवाहू ज्वारीसारखा. एक हंगाम साधला तर वर्ष निघालं. दिवाळीनंतर सॅम्पल, जानेवारीत ऑर्डरी, मार्चपासून रात्रपाळी, मे-जूनमध्ये माल बाहेर. २०२० च्या मार्चात भिलवाड्याचं कापड उधारीवर आलेलं, निम्मं कापून टेबलावर, निम्मं शिवून पेटीत, आणि पेटीतल्या प्रत्येक खिशावर कुठल्या ना कुठल्या शाळेचा मोनोग्राम. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळंच बंद. मी म्हटलं, जूनपर्यंत उघडेल. लहान वर्ग भरायला २०२१ चा डिसेंबर उजाडला, आणि जानेवारीत परत कुलूप!

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. शाळा बंद असली तरी पोरं वाढायची थांबत नाहीत. चोवीस नंबरचा शर्ट ज्याच्यासाठी शिवला, तो शाळेत परतला तेव्हा त्याला अठ्ठावीस लागत होता. आईबाप म्हणायचे, दोन जोड कशाला, एकच द्या, उद्या परत बंद झाली तर? एका शाळेनं तर मधल्या काळात मोनोग्रामच बदलला. माल फाटला नव्हता, डाग नव्हता, तरी भंगार.

मास्कचं विचारशील. शिवले की. पहिले काही आठवडे कापडी मास्कला बरा भाव होता, मग गल्लीगल्लीत प्रत्येक शिलाई मशीनवर मास्कच निघायला लागले आणि भाव दोऱ्याच्या खर्चावर आला. त्यातून कारागिरांचा आठवड्याचा पगार सुटला, एवढंच. टीव्हीवर मात्र रोज कुणीतरी "आपत्तीत संधी" सांगत होतं.

बँकेचे हप्ते ३१ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची सवलत होती, ती घेतली. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे मला जूनमध्ये कळलं. काउंटरवर कुणी आपणहून सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. नंतर सरकारच्या हमीवरचं कर्ज आलं. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के, वर्षभर मुद्दल फेडायचं नाही. मित्रमंडळींनी त्यातून जुनी देणी भागवली. मी कापडवाल्याच्या हातापाया पडून मुदत मागितली आणि ते पैसे मशीनवर घातले. बायको चार दिवस बोलली नाही. पण तोच एक डाव बरोबर पडला.

झालं असं. कारखान्यात दाटीवाटीनं बसवून काम घेणं शक्य नव्हतं, आणि विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायका येणार कशा? बस नाही, रिक्षा नाही. मग टेम्पोत चौदा मशीन घातल्या आणि त्यांच्या घरी नेऊन दिल्या. कटिंग माझ्याकडे, शिलाई त्यांच्याकडे, काज-बटण परत माझ्याकडे. मला वाटलं, आपण काहीतरी मोठं शोधून काढलं. त्यातल्या बऱ्याच जणी विडीच्या. पानं-तंबाखू घरी न्यायची, वळून परत द्यायची, हे त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. पहिल्याच दिवशी एक अक्का मला विचारते, "शेठ, छाट किती काढणार?" म्हणजे खराब म्हणून किती माल बाजूला टाकणार आणि त्याचे पैसे कापणार, ते आधी बोला. मी गप्पच झालो. मग तिथंच ठरलं, चूक कटिंगची असेल तर छाट माझी, शिलाईची असेल तर उसवून परत शिवायचं, पैसे कापायचे नाहीत.

सुरळीत काही चाललं नाही हं. एका बंडलात नेव्ही ब्लूला काळा दोरा लागला, संध्याकाळी बल्बच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात. एकीच्या घरी शर्टांना मसाल्याचा वास. कटिंग मास्तर तर महिनाभर रुसला होता, त्याच्या नजरेसमोर शिवलं जात नाही म्हणून.

आता सगळ्यात मोठा बदल सांगतो, आणि तो ऐकायला अगदी फालतू वाटेल. मोनोग्राम शेवटी. पूर्वी खिसा कापला की आधी भरतकाम, मग शिलाई. आता कोरा शर्ट शिवून ठेवतो, तोसुद्धा थोडाच, बाकीचं कापड ताग्यातच. शाळेनं निम्मे पैसे आगाऊ दिले की मग मोनोग्रामची पट्टी खिशावर चढते. कोरा पांढरा शर्ट कुणालाही जातो, हॉटेलच्या वेटरला, बँडवाल्याला. पट्टीला मजुरी जास्त पडते, ती मी मुकाट भरतो. आगाऊ मागितल्यामुळे दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली, त्यातलं एक तर वडिलांच्या वेळचं. वाईट वाटलं. पण त्यांचीच उधारी अजून वहीत आहे.

आणि हॉस्पिटलचे कपडे धरले. त्यांना जून लागत नाही, बारा महिने फाटतात. मार्जिन कमी, पण ऑगस्टमध्येही मशीन चालू असते, याची मला अजून सवय व्हायचीय.

मोबाईलचं एवढंच, की हुबळी-हैदराबादचे दुकानदार आता फोटोवर माल ठरवतात. पण फोटोत नेव्ही ब्लू कधीच खरा दिसत नाही, म्हणून मी कापडाचा तुकडा कुरिअरनं पाठवतो आणि मग पैसे मागतो.

माझ्या मेहुणीचं बघ. तिनं काहीच बदललं नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही टिकाऊ, पूर्वी गल्लीत विकायची, लॉकडाऊननंतर पुण्या-मुंबईच्या सोलापूरकरांना पार्सल जायला लागलं. तिच्याकडे माल आधीपासूनच बरोबर होता, माझ्याकडे नव्हता. यातून तुझ्या पोरानं काय घ्यायचं ते तोच ठरवेल.

त्याला जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेआधी पाठव. तेव्हा ऑर्डरी येतात, आठ दिवस टेबलावर बसू दे. वही दाखवीन, उधारीची पानंसुद्धा.

सोबत मेहुणीची चटणी पाठवतोय. ज्या पिशवीत आहे तिच्यावर कुठल्यातरी शाळेचं बोधचिन्ह दिसेल. हसू नकोस. चोवीस नंबरच्या अशा दोन पेट्या अजून माळ्यावर आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
पेठेतला गणवेशवाला