सिव्हिल आणि खासगी: दोन्ही चालतील, पण कसे?

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सगळ्यांचा उपचार सरकारने उचलला तर खासगी दवाखाने टिकतील का, असं विचारलंस. अरे बे, आपल्या सोलापुरात ते कधीचं सुरू आहे! 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला जिल्हा होता. तेव्हा पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च आणि साडेनऊशेहून जास्त उपचार मिळायचे. आज तिचंच नाव महात्मा फुले योजना. रक्कम 5 लाख, उपचारांची यादीही वाढली, आणि पांढरं कार्डही चालतं. खासगीवाले कुठे गेले नाहीत. खरी गोम आहे पैसा कशासाठी आणि कसा दिला जातो यात.

योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज, म्हणजे एकरकमी दर, ठरलेलं असतं. खाट, नर्सिंग, ऑपरेशन, औषधं, जेवण सगळं त्यात. अँजिओप्लास्टी, मुतखडा, डायलिसिस यांचे दिवस आणि सामान आधी मोजता येतं, म्हणून दवाखाने ते आनंदाने घेतात. पण डोक्याला मार लागलेला, जंतुसंसर्ग रक्तात गेलेला, व्हेंटिलेटरवर किती दिवस राहील सांगता न येणारा पेशंट आला की पॅकेज अपुरं पडतं. मग ‘बेड शिल्लक नाही, सिव्हिलला न्या’. यात कोणी राक्षस नाही, साधा हिशेब आहे. फळ मात्र वाईट. अवघड पेशंट सिव्हिलमध्ये साठतात, मृत्यू तिथे जास्त दिसतात, लोक बिचकतात. ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते खासगीत जातात आणि सिव्हिलसाठी भांडणारं कोणी उरत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याच चक्राची वाटते.

दुसरं दुखणं क्लेमचं, म्हणजे दवाखान्याने योजनेकडे पाठवलेल्या बिलाचं. रिपोर्टवर तारीख नाही, ऑपरेशनचा फोटो नाही, डिस्चार्जवर सही नाही, अशी एक क्वेरी निघाली की पैसे अडकतात. मोठा दवाखाना कळ काढतो. वीस खाटांच्या नर्सिंग होमला पगार आणि औषधवाल्याची उधारी थांबवता येत नाही, मग ‘एवढी औषधं बाहेरून आणा’ सुरू होतं. दर वाढवण्याआधी पैसे वेळेवर दिले तरी निम्मी तक्रार मिटेल.

आणि ओपीडी? विडी वळणाऱ्या बाईला किंवा यंत्रमागावरच्या माणसाला रोज लागते ती बीपी-शुगरची दोन-तीन रुपयांची गोळी. तिला योजनेत जागा नाही. महापालिकेच्या दवाखान्यात ती कधी असते, कधी संपलेली असते. गोळी सुटते, काही वर्षांत किडनी जाते, आणि मग आठवड्याला दोन-तीन डायलिसिसचे पैसे तीच योजना भरते. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के भाग लोकांच्या खिशातून गेलेला दिसतो. त्यात गोळ्या-औषधांचा वाटा मोठा.

थायलंडने 2002 मध्ये उलटीकडून सुरुवात केली. ओपीडीसाठी माणशी वर्षाला ठरावीक रक्कम तालुक्याच्या रुग्णालयाला आणि त्याच्या उपकेंद्रांना. माणूस आजारी पडो न पडो, पैसे तेवढेच, त्यामुळे बीपी आटोक्यात ठेवण्यातच रुग्णालयाचा फायदा. तेव्हाचा नियम असा: पेशंटने आधी तिथेच जायचं, पुढे चिठ्ठीने. तातडी सोडून चिठ्ठीशिवाय गेला तर खर्च त्याचा. बँकॉकची खासगी रुग्णालयं तरीही जोरात आहेत. पण त्याआधी त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं उभी केली होती, हे आपले लोक सांगायचं विसरतात. अक्कलकोट-मंगळवेढ्याला सर्जन आणि भूलतज्ज्ञ रोज हजर नसतील तर चिठ्ठी लिहिणार कोण?

ब्रिटनने 1948 मध्ये तज्ज्ञांना सरकारी नोकरीसोबत खासगी प्रॅक्टिसही करू दिली. धोका असा की सरकारी रांग जितकी लांब, तितका डॉक्टरचा खासगी धंदा बरा. आपल्याकडे त्यावर व्यवसायरोध भत्ता आहे, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारे पैसे. भत्ताही घ्यायचा आणि संध्याकाळी बाहेरही बसायचं, हे जिथे चालतं तिथे उपाय कागदावरच राहतो.

म्हणून माझं मत: दोन्ही एकत्र चालतील, पण सिव्हिल इतकं चांगलं हवं की सरकारला खासगीवाल्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. नाहीतर सरकार फक्त बिल भरणारं गिऱ्हाईक होतं, आणि अडलेल्या गिऱ्हाइकाला दर ठरवता येत नाही.

तुझ्या मामांच्या अँजिओप्लास्टीचं सांगतो. डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जा. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीसह ने, दोन्हीकडचं नाव जुळतंय का घरीच बघ. बहुतेक गाडी तिथेच अडते. मंजुरी आल्यावरच तारीख घ्या. तातडी असेल तर फोनवर मंजुरी मिळते, कागद नंतर. कुणी वर पैसे मागितले तर पावती माग आणि 155388 ला फोन लाव. दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी बहुतेकदा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात. तो आजच काढायला टाक, ऐनवेळी मिळत नाही.

तुझा मित्र